निजामी डाकेचा माग

निजाम सरकारच्या टपालाचं आठ पैचं हिरवं तिकीट दिसायला काही खास नाही. १९३१ साली निघालेल्या मालिकेतलं हे तिकीट. त्याच मालिकेत एक आण्यावर चारमिनार आहे, आठ आण्यांवर अजिंठा लेण्यांचं प्रवेशद्वार आणि रुपयावर दौलताबादचा चांदमिनार. आठ पैच्या वाट्याला चित्र आलंच नाही, नुसती नक्षी आणि अक्षरं. डीलरच्या खोक्यात हात घातला तर पाच-सहा सहज निघतील आणि ओळखीचा असेल तर तो ती फुकटही देईल. नोकरीत असताना आणि नंतरही मी या तिकिटामागे जो पैसा घातला त्यात गावाकडे एखादा प्लॉट झाला असता, असं घरच्यांचं मत आहे. मी तिकिटाच्या मागे नाही, त्याच्यावर पडलेल्या काळ्या शाईच्या मागे आहे, हे समजावून बघितलं. त्यानं घरच्यांचं मत आणखी पक्कं झालं.

माझा विषय असा : हैदराबाद संस्थानाच्या टपालखात्याची मराठवाड्यातली कार्यालयं आणि त्यांचे शिक्के. सुरुवात १८६९, कारण त्या वर्षी संस्थानानं आपलं पहिलं तिकीट काढलं, एक आण्याचं, आडवं, ऑलिव्ह रंगाचं. शेवट ३१ मार्च १९५०, कारण दुसऱ्या दिवसापासून संस्थानाची तिकिटं जाऊन भारताची आली. औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड आणि उस्मानाबाद हे तेव्हाचे पाच जिल्हे. जालना औरंगाबादेत आणि लातूर उस्मानाबादेत. तेलंगण सोडलं, गुलबर्गा-रायचूर सोडलं, खुद्द हैदराबाद शहरही सोडलं. नवशिका संग्राहक जमवत सुटतो. मुरलेला माणूस काय घ्यायचं नाही हे आधी ठरवतो आणि मग तेवढ्याच वावरात आयुष्यभर नांगर धरतो.

लहानपणी मीही सगळ्यांसारखी देशोदेशीची तिकिटं वहीत डकवली होती. हंगेरीची फुलपाखरं, मंगोलियाची त्रिकोणी तिकिटं. पुढे कळलं, त्यातली बरीचशी कुठल्याही पत्रावर कधी लागलीच नव्हती. छापायची, छापता छापताच कोपऱ्यावर सुबक पाव वर्तुळाचा शिक्का उमटवायचा आणि पुडीत भरून परदेशी पोरांना विकायची, असा तो उद्योग. मागे गोंद जसाच्या तसा आणि पुढे रद्द केल्याची खूण. असा शिक्का दिसला की आजही माझा रस संपतो. आपल्याकडच्या ‘पहिल्या दिवसाच्या’ पाकिटांबद्दलही माझं मत फार वेगळं नाही. खिडकीतून घेतलं आणि अल्बमात ठेवलं, एवढाच त्याचा प्रवास. ज्यांना आवडतात त्यांनी जरूर जमवावीत. चित्रं सुरेख असतात.

बँकेच्या नोकरीनं मला मराठवाडा दाखवला. मी पश्चिमेकडचा, बदल्या मात्र लागल्या लातूर, परभणी, नांदेड भागात. बरोबरीचे लोक बदली रद्द करून घ्यायला धडपडत होते. शेतीकर्जाच्या कामानिमित्त माझी मोंढ्यात ये-जा सुरू झाली आणि तिथल्या जुन्या आडत दुकानांच्या माळ्यांवर माझं खरं नशीब निघालं. आडत्यांकडे आलेलं पत्र फाडून टाकायची रीत नव्हती. वाचलं, हिशेब टिपला की ते पाकिटासकट एका उभ्या तारेत खोवायचं. तार भरली की वरून गाठ मारून माळ्यावर. वर्षाची एक तार. त्यामुळे माझ्या संग्रहातल्या निम्म्याहून अधिक कव्हरांना मधोमध भोक आहे. प्रदर्शनातले परीक्षक पहिल्यांदा बघतात तेव्हा नाक मुरडतात. मला ते भोक आवडतं, कारण बनावट माल करणारा इतका त्रास घेत नाही.

एका दुकानातले वयस्कर मालक मला वर चढताना बघून खालून विचारायचे, “काय गवसायलंय ओ साहेब? घरात ठेवावं अशी एक चीज नाही बघा तिथं. उंदरं तेवढी हायेत.” मग तेच शिडी धरून उभे राहायचे. पैसे घ्यायला ते तयार नव्हते, आणि फुकट न्यायला मी. शेवटी त्यांच्या आजोबांच्या नावची सगळी पत्रं मी वाचून, गोषवारा लिहून वही करून द्यायची, असा सौदा ठरला. पत्रं मोडीत होती. मोडी मला येत होती म्हणून ते निभावलं. त्या वहीपायी गावातली आणखी दोन-तीन घरं माझ्यासाठी उघडली. विकत घेण्याच्या गोष्टी करणाऱ्याला कुणी माळा दाखवत नाही.

अडचण होती ती शिक्क्यांची. पत्राचा मजकूर मोडीत, पत्ता कधी मोडीत, कधी बालबोधीत, तिकिटावर किंमत उर्दू, इंग्रजी, तेलुगू आणि मराठीत. पण शिक्क्यात गावाचं नाव उर्दूत. १८७१मध्ये आलेलं ते सांगाड्यासारखं रेखीव तिकीट १९०९पर्यंत चाललं. इंग्रज संग्राहक त्याला ‘स्केलेटन’च म्हणतात. त्याच्यावरचे शिक्के तर फार छळतात. परभणीत एक निवृत्त मास्तर होते. त्या पिढीतल्या बऱ्याच लोकांसारखं त्यांचंही शिक्षण उर्दूतून झालेलं. हैदराबादला १९१८ साली निघालेलं उस्मानिया विद्यापीठही उर्दू माध्यमाचंच होतं. संध्याकाळी शाखा बंद झाली की मी त्यांच्याकडे जायचो. त्यांनी मला अलिफ-बे-पे शिकवलं नाही. माझ्याच कव्हरांचे शिक्के समोर ठेवून ते विचारायचे, “बँकवाले, इथं दात किती? आता नुक्ते मोजा.”

दात आणि नुक्ते. सगळी विद्या एवढ्यातच आहे. शब्दाच्या मधल्या ब, प, त, न आणि य या अक्षरांना उर्दूत एकच बारकासा दात असतो; कुठला दात कुणाचा, हे वरच्या-खालच्या नुक्त्यांवरून ठरतं. टपाल्यानं शिक्का शाईत बुडवून जोरात आपटला की नुक्ते आधी बुजतात. लातूरमधल्या ‘त’वरचे दोन ठिपके गेले की उरतो नुसता दात, त्याचं काहीही वाचा. जालन्यातल्या ‘ज’चा पोटातला ठिपका बुजला की त्याचा ‘ह’ होतो. परळीच्या पहिल्या अक्षराखालचे तीन ठिपके चिकटून एक झाले की ते ‘बरळी’ दिसतं. अशा वेळी शिक्का वाचायचाच नाही, मोजायचा. व्यास किती, कडेला एक रेघ की दोन, अक्षरं वर्तुळाच्या कुठल्या बाजूला सुरू होतात, तारखेची ओळ सरळ की तिरकी. एका कार्यालयाचा एक स्वच्छ शिक्का मिळाला की त्यावरून त्याच कार्यालयाचे अनेक धूसर शिक्के ओळखता येतात. म्हणून माझ्याकडे कव्हरांच्या बरोबरीनं ट्रेसिंग पेपरवर काढलेल्या शिक्क्यांचा गठ्ठा आहे. कुणी घर लुटायला आलं तर गठ्ठ्याला हात लावू नका, एवढीच विनंती करीन.

आता या टपालाचा खरा पेच. संस्थानात एकाच वेळी दोन टपालं होती. निजामाचं एक आणि ब्रिटिश हिंदुस्थान सरकारचं दुसरं. निजामाचं तिकीट संस्थानाच्या हद्दीत चालायचं, हद्दीबाहेर त्याला किंमत नव्हती. लातूरच्या व्यापाऱ्याला जालन्याला लिहायचं तर निजामी डाक चाले. बार्शीला लिहायचं झालं की इंग्रजी टपाल, कारण बार्शी सोलापूर जिल्ह्यात, म्हणजे इंग्रजी मुलखात. आणि लातूरचा व्यवहार तर बार्शीशीच जास्त, कारण बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी १९११पासून लातूरला येत होती. काही पाकिटांवर दोन्ही सरकारांची तिकिटं शेजारी शेजारी दिसतात, एकीकडे बादशहा आणि दुसरीकडे निजाम सरकारची नक्षी. अशी कव्हरं लिलावात चढ्या भावानं जातात आणि म्हणूनच त्यांत खोटी सर्वांत जास्त.

खोटं ओळखायची माझी एक जुनी युक्ती आहे, ती मी फार जपून ठेवलेली नाही. कव्हर विकणारा बाहेरचं बघतो, आतलं पत्र त्याला वाचता येत नाही. मागे एका व्यापाऱ्यानं मला निजामी पिक्टोरियल मालिकेतलं चार आण्यांचं निळं तिकीट लावलेलं कव्हर दाखवलं, आत पत्र शाबूत. तिकिटावर उस्मानसागर तलाव आहे. शिक्का तिकिटावरून पाकिटावर छान उतरलेला. किंमत भरघोस. पत्र मोडीत होतं, शेवटी मिती फसली सनाची. मराठवाड्यात महसूल, न्यायालय, व्यापार सगळं फसलीत चालायचं; जुन्या सातबाऱ्यांवर आणि वाटणीपत्रांवर आजूर, दै, बहमन, इस्फंदार ही महिन्यांची नावं अजून सापडतात. वर्ष सुरू व्हायचं ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात. फसलीत ५९० मिळवले की त्या ऑक्टोबरचा इसवी सन निघतो, जानेवारीपासूनच्या महिन्यांसाठी ५९१ मिळवायचे. त्या पत्रावर फसली १३३५ होतं. म्हणजे १९२५-२६. उस्मानसागरचं तिकीट निघालं १९३१ साली. पाच वर्षांनी निघणारं तिकीट त्या आडत्याला कुठून मिळालं, असं मी विचारलं. व्यापाऱ्यानं कव्हर उचललं, पुसलं, परत खोक्यात ठेवलं आणि म्हणाला, “साहेब, तुम्ही पत्र का वाचता?”

त्या प्रश्नात सगळा धंदा आला. तिकिटांच्या बाजारात पत्र हा अडथळा मानतात. कव्हर सपाट राहायला हवं म्हणून आतला कागद काढून टाकतात. त्याहून वाईट काळ मी पाहिलेला आहे. जुने लोक तिकीट पाकिटावरून कातरून घ्यायचे, पाण्यात भिजवून सोडवायचे आणि टीपकागदात दाबून वाळवायचे. लातूरचं नाव असलेला अर्धा शिक्का पाकिटाबरोबर केरात. हिरवं आठ पै राहायचं. मराठवाड्यातल्या किती टपाल कार्यालयांची शेवटची निशाणी अशी बादलीत विरघळली असेल, त्याचा हिशेब लागणार नाही. आज ‘पोस्टल हिस्टरी’ नावाची शाखा प्रतिष्ठित झाली, तिची वेगळी परीक्षा होते, वेगळी पदकं मिळतात. पण अजूनही दर रविवारी कुठे ना कुठे कुणी तरी भिजत घालत असतो.

सांभाळण्याबद्दल लोक फार विचारतात, त्यामुळे थोडक्यात सांगतो. चिकटपट्टी ही कागदाची वैरीण; तिचा तपकिरी डाग जाता जात नाही. पावसाळ्यात अल्बम आडवे रचून ठेवायचे नाहीत, उभे आणि सैल ठेवायचे. लोखंडी कपाट भिंतीपासून हातभर पुढे. आत सिलिका जेलच्या पुड्या, त्या रंग बदलला की तव्यावर तापवून पुन्हा वापरायच्या. कसर लागली तर एकाच पानावर थांबत नाही, तेव्हा दिवाळीची साफसफाई असो-नसो, संग्रह दोन महिन्यांनी उघडायचा. पिवळे ठिपके धुऊन काढून देणारे लोक भेटतात. त्यांच्यापासून चार हात लांब राहिलेलं बरं. आणि डाग असलेला खरा कागद मला स्वच्छ केलेल्या कागदापेक्षा केव्हाही चालतो. चिमटा मात्र चांगला घ्यावा, तिथे काटकसर नको.

प्रदर्शनांत मी उशिरा उतरलो. राज्याचं ‘महापेक्स’, मग राष्ट्रीय पातळीवरचं ‘इनपेक्स’. सोळा पानांची एक फ्रेम, मोठ्या वर्गात पाच फ्रेमा, म्हणजे ऐंशी पानांत सगळं बसवायचं. गुण शंभरातून. त्यातले पस्तीस ज्ञान, अभ्यास आणि संशोधनाला, वीस मांडणीच्या तर्काला, वीस दुर्मिळतेला. विषयाच्या महत्त्वाला दहा, स्थितीला दहा आणि दिसण्याला फक्त पाच. हे वाचून मी खूश झालो होतो. प्रत्यक्षात परीक्षक फ्रेमसमोर उभा राहतो काही मिनिटं. तेवढ्यात त्याला उर्दूचा दात दाखवायचा कसा? म्हणून मी प्रत्येक पानावर शिक्क्याचं मोठं रेखाटन देतो आणि त्याखाली देवनागरीत गाव. एका परीक्षकांनी सुचवलं की थोडं हैदराबाद शहर घाला, मोठ्या किमतीची तिकिटं घाला, भाव वाढेल. त्यांचं चुकलं असं नाही म्हणता येत. आठ आण्यांचं नारिंगी अजिंठ्याचं तिकीट हैदराबादच्या शिक्क्यानं हवं तेवढं मिळतं. मला ते हवंय औरंगाबाद जिल्ह्यातल्या एखाद्या लहान कार्यालयाच्या शिक्क्यानं, पाकिटावर. मिळालेलं नाही. आठ आणे ही लहान गावात पत्राला लावायची रक्कमच नव्हती, तेव्हा न मिळण्याचं कारणही त्यातच आहे.

संग्रहातलं एक कव्हर मी कुठल्याही प्रदर्शनात लावत नाही. टपालाच्या दृष्टीनं त्यात काही नाही. साधं तिकीट, साधा शिक्का, लातूरहून जालन्याला, मधोमध तारेचं भोक. पत्र फसली १३५७च्या शेवटाकडचं, म्हणजे १९४८च्या पावसाळ्यातलं. रझाकारांचे दिवस, भारतीय फौजा १३ सप्टेंबरला शिरल्या आणि १७ला निजाम शरण आला, त्याच्या थोडं आधीचं. मजकूर सगळा सरकीच्या भावाचा. पोती किती, उधारी किती, हमालांची रड. अखेरच्या दीड ओळीत लिहिलंय की बायका-पोरांना बार्शीस पोचवलं आहे. पुढे पुन्हा सरकी. गावात काय चाललंय याचा एक शब्द नाही. निजामाची डाक आपलं पत्र उघडून वाचेल ही भीती असेल, किंवा ज्याला लिहिलं त्याला सांगायची गरजच नसेल. त्या महिन्यांतली मराठवाड्यातली पत्रं माझ्याकडे फार थोडी आहेत, पण डाक चालू होती. शिक्के त्याच जागी पडत होते, तारखा पुढे सरकत होत्या.

संस्थान संपलं तरी शिक्के लगेच संपले नाहीत, याचं मला नेहमी कौतुक वाटतं. तिकिटं बदलायला सरकारी हुकूम पुरतो, पण प्रत्येक खेड्यातला पितळी शिक्का बदलायला नवा शिक्का घडवून पोचवावा लागतो. माझ्याकडे एक तुकडा आहे : १५ ऑगस्ट १९४९ला निघालेल्या मालिकेतलं घारापुरीच्या त्रिमूर्तीचं नऊ पैचं तिकीट, नाशिकरोडला छापलेलं, आणि त्याच्यावर उर्दू शिक्का. तारीख बुजली आहे. संस्थानाची तिकिटं जाऊन टपाल भारताचं झाल्यावरच असा योग जुळू शकतो. कुणी तरी पोस्टमास्तरानं कपाटातून नवी तिकिटं काढली आणि ठोकायला जुनाच शिक्का उचलला. दुसरं काय करणार होता तो?

आता माझ्यानंतर याचं काय, हा प्रश्न घरात अधूनमधून निघतो. मुलाचं म्हणणं, सगळं स्कॅन करून ऑनलाइन लिलावात सुटं सुटं टाकावं, पैसे जास्त येतील. येतीलही. मी त्याला सांगितलं आहे की तारेची भोकं असलेला भाग एकत्र जायला हवा, मोडीच्या वह्या आणि ट्रेसिंगचा गठ्ठा त्याच्याबरोबर. उरलेलं, म्हणजे दौलताबाद, चारमिनार, उस्मानसागर, खुशाल विका. ती तिकिटं जगात पुष्कळ आहेत.

नांदेडचा एक तरुण संग्राहक आहे, इंजिनिअर. उर्दू माझ्यापेक्षा चांगली, कारण तो शाळेत शिकला. त्याच्याशी सध्या माझं भांडण चालू आहे. एक हिरवं आठ पै, पाकीट जालन्याच्या पेढीच्या नावानं, आतलं पत्र नाही. शिक्का डावीकडे कापला गेलाय, म्हणजे उर्दूतलं शेवटचं अक्षर गेलं. जे उरलंय ते सेलू असू शकतं किंवा सिल्लोड. सेलूत ‘स’चे तीन दात आणि पुढे ‘य’चा एक, असे चार, सिल्लोडमध्ये तीनच. सेलू मनमाड-सिकंदराबाद लोहमार्गावर, तिथून जालन्याला पत्र गाडीनं जाणार. सिल्लोडहून सडकेनं, टप्प्याटप्प्यानं. तो म्हणतो चौथा दात शाईचा डाग आहे. मी भिंगाखाली कितीदा बघितलं. डागाला इतकी सरळ कड येत नाही. त्याला मी लिहिलं, सिल्लोडचा एक स्वच्छ शिक्का दाखव, मग बोलू. उलट टपाली त्यानं माझ्याकडे सेलूचा मागितला आहे.